कोलोराडोत पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला जाताय? मग तयारी उलटी करा

अमेरिकेत राहून ट्रेकिंग, कॅम्पिंग, फिशिंग सगळं करून झालेली आपली काही मंडळी हल्ली विचारायला लागली आहेत की एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो "रायफल कुठली घेऊ?" हा प्रश्न खरं तर यादीत आठवा-नववा यायला हवा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच आहे, त्यामुळं आपल्यापैकी कुणी घरात हे बघत मोठं झालेलं नसतं, आजोबांच्या काळच्या हाकाऱ्याच्या आणि मचाणाच्या गोष्टी तेवढ्या ऐकलेल्या असतात आणि त्यातलं इथं काहीच चालत नाही. इथं तुम्ही स्वतः डोंगर चढता, स्वतः माग काढता, आणि सावज पडलं की स्वतःच ते सोलून पाठीवर घेऊन खाली येता. सगळं स्वतः.

मी कोलोराडोपुरतंच लिहितोय, कारण एल्कचे सगळ्यात जास्त कळप याच राज्यात आहेत आणि नवख्याला टॅग (एक एल्क मारायचा परवाना) मिळणं इथं त्यातल्या त्यात सोपं आहे. वायोमिंग, मोंटाना, आयडाहोचे नियम वेगळे आहेत, हे वाचून तिकडं जाऊ नका.

आधी मटण, मग बाकी सगळं

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलाच पण थोराड प्राणी. रॉकी माउंटनमधला पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात असतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. नराचं हाडं काढलेलं मांस धरलं तरी साधारण नव्वद-शंभर किलो निघतं. आता हिशोब करा, एक माणूस डोंगरउतारावर नीट चालत राहील असं ओझं पंचवीस किलो, फार तर तीस. म्हणजे एकट्याला चार फेऱ्या. गाडीपासून पाच किलोमीटरवर पाडलात तर चार फेऱ्यांचं चालणं (सावजापासून सुरुवात धरून) पस्तीस किलोमीटर होतं, त्यातलं वीस पाठीवर ओझं घेऊन, आणि हे सपाटीवर नाही तर पडलेल्या झाडांवरून, बर्फातून, तीन हजार मीटर उंचीवर. हे काम एका दिवसात होत नाही आणि मांस तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून प्लॅनिंग मागून पुढं करायचं. किती जण आहात, किती ओझं उचलू शकता, त्यावरून गाडीपासून किती लांब जायचं ते ठरवायचं, त्यावरून जागा, जागेवरून सीझन, आणि मग टॅग. एकटे असाल तर दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडं आणि मोठ्या दरीच्या तळाशी बार काढायचाच नाही, समोर कितीही देखणा नर उभा असला तरी. दरीत उतरलेला एल्क म्हणजे शंभर किलो वर चढवायचं काम. दुसरा उपाय म्हणजे घोडेवाले, काही आउटफिटर (शिकारीच्या सहली नेणारे) नुसतं मांस खाली आणून देण्याचं काम घेतात, पण ते जायच्या आधी बोलून ठेवावं लागतं, सीझनच्या मधे फोन केलात तर त्यांचे घोडे आधीच कुठंतरी डोंगरात असतात.

व्हिसा: हे वाचल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका

आपल्या लोकांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि अमेरिकन लोकांनी लिहिलेल्या गाइडमध्ये तो सहसा नसतोच. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर प्रश्न नाही. पण एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. यात अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेलं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडं असणं. म्हणजे क्रम असा, आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग बंदूक. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेऊन बघणं हेसुद्धा 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं, त्यामुळं "अरे मित्राचीच तर आहे" हे चालत नाही. बंदूक विकत घेताना जो फेडरल फॉर्म भरावा लागतो त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि तिथं चुकीचं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. व्हिसावाल्यांनी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या, त्याची फी टॅगच्या मानानं जास्त वाटेल पण ग्रीन कार्डच्या फाइलीत नको ती भानगड झाली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

धनुष्यबाणाला ही फेडरल बंदी लागू होत नाही. काही जण त्याच कारणानं आर्चरीकडं वळतात, पण त्यासाठी सहा-आठ महिने रोजचा सराव लागतो, शॉर्टकट म्हणून घ्यायची गोष्ट नाही ती.

कोर्स, ड्रॉ आणि टॅग

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत हंटर एज्युकेशन कार्ड लागतं, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांनाच. दुसऱ्या राज्यात केलेला कोर्स इथं चालतो. कोर्स खरंच चांगला असतो, बंदूक हाताळणं, प्राणी ओळखणं, कुंपण ओलांडताना रायफलचं काय करायचं, सगळं येतं. हिवाळ्यातच उरकून टाका, उन्हाळ्याच्या शेवटी क्लास भरलेले असतात.

सगळा कारभार कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याकडं आहे, लोक सीपीडब्ल्यू म्हणतात. त्यांचं बिग गेम ब्रोशर दरवर्षी निघतं आणि तेच तुमचं पंचांग. नियम दरवर्षी बदलतात, तारखा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. साधारण चक्र असं असतं, टॅगच्या सोडतीचे, म्हणजे मुख्य ड्रॉचे अर्ज मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, निकाल मे-जूनमध्ये, मग जूनमध्ये दुसरा ड्रॉ, आणि उरलेले टॅग ऑगस्टमध्ये विक्रीला. मुख्य ड्रॉला अर्ज करायच्या आधी एक क्वालिफाइंग लायसन्स घ्यावं लागतं, उदाहरणार्थ ससे-पक्ष्यांचं स्मॉल गेम, आणि १८ ते ६४ वयाच्या लोकांना वर हॅबिटॅट स्टॅम्प (प्राण्यांच्या अधिवासासाठीचं शुल्क). नंबर लागला नाही तर प्रेफरन्स पॉइंट मिळतो आणि तो साठत जातो, चांगल्या भागांसाठी लोक वर्षानुवर्षं साठवतात. तुम्ही त्या नादी लागू नका, आधी शिकून घ्या.

राज्यात सलग सहा महिने राहत असाल तर रेसिडेंट धरतात आणि एल्कचं लायसन्स शंभर डॉलरच्या आत येतं, बाहेरच्याला तेच आठशे डॉलरच्या आसपास. हो, एवढा फरक आहे. म्हणून डेन्व्हरला नोकरीनिमित्त नुकते आले असाल तर सहा महिने दम धरा.

सीझन कुठला? सप्टेंबरभर आर्चरी आणि मधेच काही दिवस मझलोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक), हा माजाचा काळ, नर ओरडत असतात, जंगल ऐकण्यासारखं असतं. मग रायफलचे चार सीझन, पहिला ऑक्टोबरच्या मध्यात, दुसरा ऑक्टोबरअखेर, तिसरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, चौथा त्यानंतर. पहिला आणि चौथा फक्त ड्रॉनं मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याला बऱ्याच भागांत नराचा टॅग थेट काउंटरवर मिळतो, याला ओव्हर द काउंटर म्हणतात, आणि म्हणूनच त्या वेळी गर्दी असते. आर्चरीला बाहेरच्या राज्यातल्यांसाठी ही काउंटरची सोय २०२५ पासून बंद झाली, हे लक्षात ठेवा कारण जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तसंच सांगतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मादीचा टॅग काढा. शिंगांची भिंतीवरची हौस नंतर करता येते. मादी संख्येनं जास्त असतात, मांस कोवळं असतं, ओझं कमी होतं, आणि एक मोठी कटकट वाचते, ती म्हणजे बहुतेक भागांत नर मारायचा तर एका शिंगाला किमान चार टोकं हवीत किंवा कपाळाजवळचं टोक निदान पाच इंच हवं, हे पहाटेच्या अंधुक उजेडात दुर्बिणीतून मोजत बसणं नवख्याला जमत नाही. दुसऱ्याच्या टॅगवर आपण मारणं किंवा आपल्या टॅगवर दुसऱ्यानं मारणं इथं बेकायदा आहे, ग्रुपनं गेलात तरी ज्याचा टॅग त्याचाच बार.

यशाचं प्रमाणही ऐकून ठेवा. राज्यभरात पाच शिकाऱ्यांतला एखादाच एल्क घेऊन परततो, बाकीचे चालून, थंडी खाऊन, फोटो काढून घरी येतात. हे मान्य असेल तरच पुढं वाचा.

जागा निवडणं

राज्य गेम मॅनेजमेंट युनिटमध्ये, म्हणजे शिकारीच्या विभागांत, वाटलेलं आहे आणि टॅगवर युनिटचे नंबर असतात. फ्लॅट टॉप्स आणि व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टचा वायव्येकडचा पट्टा एल्कसाठी प्रसिद्ध आहे, मीकर आणि क्रेग ही तिथली गावं ऑक्टोबरमध्ये नारिंगी जाकिटांनी भरून जातात. ग्रँड मेसा आहे, दक्षिणेत सॅन वॉन डोंगर आहेत. नवख्यानं जागा प्रसिद्धीपेक्षा तीन गोष्टींवर निवडावी, सरकारी जमीन सलग किती आहे, रस्ते कुठपर्यंत जातात, आणि आपल्याला तिथं सीझनच्या आधी एकदा तरी जाता येईल का.

जमिनीच्या हद्दीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कोलोराडोत खासगी जमिनीवर पाटी लावायची जबाबदारी मालकावर नाही, तुम्हाला माहीत असायला पाहिजे. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, ही सबब चालत नाही. ऑनएक्ससारखं हद्दी दाखवणारं अॅप घ्या आणि त्या भागाचे नकाशे घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज नसते. सोबत कागदी नकाशा आणि होकायंत्र, कारण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता झोपते.

नकाशावर काय शोधायचं तर उत्तरेकडं तोंड असलेले दाट झाडीचे उतार, तिथं एल्क दिवसभर बसतात, त्याच्याजवळ गवताळ माळ, तिथं ते रात्री आणि पहाटे चरतात, आणि मधे पाणी. मग बघायचं की रस्त्यापासून हे सगळं कसं आहे. बरेचसे शिकारी गाडीपासून फार लांब जात नाहीत आणि पहिल्या दोन दिवसांच्या गोळीबारानंतर एल्क एकतर खासगी रँचवर जाऊन बसतात किंवा अशा अवघड खबदाडीत की जिथं माणूस जायला कंटाळतो. तुमची जागा त्या दोन्हीच्या मधली असावी, गर्दीच्या थोडी पुढं पण मटणाच्या हिशोबात बसणारी.

शरीर

डेन्व्हरची उंची सुमारे १६०९ मीटर, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर (१६४६ मीटर) जवळपास तिथंच येतं. जिथं महाराष्ट्र संपतो तिथं हे शहर सुरू होतं आणि एल्क सापडतात ते अडीच ते साडेतीन हजार मीटरवर. तेव्हा "आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलाय" हा आत्मविश्वास चांगला आहे पण पुरेसा नाही, तिथं दम पायांमुळं लागतो, इथं हवेमुळं.

टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी निदान दोन दिवस आधी यावं, एक रात्र डेन्व्हरच्या उंचीवर, एक रात्र त्याच्या वर, मग कॅम्प. पहिल्या दोन रात्री दारू नको, पाणी भरपूर. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत ठीक, आराम करा आणि वर चढू नका. पण तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. याला औषध म्हणजे उतरणं हेच. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा, आपल्याकडं चाळिशीत हे कॉमन आहे आणि ऑफिसातल्या खुर्चीवरून थेट तीन हजार मीटरवर जाणारे खूप असतात.

ट्रेनिंग जूनमध्ये सुरू करा. धावण्यापेक्षा सॅकमध्ये वजन घालून जिने चढणं जास्त कामाचं, दहा किलोपासून सुरू करून ऑक्टोबरपर्यंत पंचवीसवर या. घराजवळ डोंगर नसेल तर पार्किंगच्या इमारतीचे जिने चालतात, तांदळाच्या वीस पाउंडी पिशव्या सॅकमध्ये टाका. उतरण्याचा सराव पण करा, गुडघे उतरतानाच बोलतात.

रायफल, एकदाची

कायद्यानं एल्कसाठी किमान सहा मिलिमीटर कॅलिबर (गोळीची जाडी), किमान सोळा इंची नळी, किमान ८५ ग्रेन वजनाची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा लागते. व्यवहारात टू-सेव्हंटी, थ्री-ओ-एट, थर्टी-ऑट-सिक्स, सेव्हन एमएम मॅग्नम यातलं कुठलंही काडतूस पुरतं. नवख्याला मॅग्नमच्या धक्क्यानं डोळे मिटायची सवय लागते, त्यापेक्षा थ्री-ओ-एट घ्या आणि उरलेले पैसे गोळ्यांवर आणि दुर्बिणीवर घाला. एल्कची हाडं जाड असतात, गोळी बॉन्डेड (आवरण आतल्या शिशाला घट्ट चिकटवलेली) किंवा अख्ख्या तांब्याची घ्या म्हणजे आत जाऊन फुटून जात नाही. कोलोराडोत बंदूक घेताना बॅकग्राउंड चेक आणि किमान तीन दिवस थांबणं आहे, म्हणून आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

रेंजवर टेबलावरून शंभर यार्डांवर गोळ्या एकमेकींजवळ लागून छान ग्रुप येणं ही नुसती स्कोप लावल्याची खात्री झाली. खरा सराव बसून, गुडघ्यावर, शूटिंग स्टिक्सवर, आणि पन्नास उड्या मारून धाप लागलेली असताना. ज्या अंतरावर अशा अवस्थेत प्रत्येक गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात जाते ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते दोनशे यार्डांच्या आसपास निघतं, आणि व्हिडिओत सहाशे यार्डांवर मारणारे लोक बघून त्यात बदल करायचा नसतो.

विमानानं येणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक केसमध्ये, चेक-इन काउंटरवर सांगून द्यायची. गाडीतून नेताना चेंबरमध्ये गोळी असता कामा नये.

सामान

यादी इंटरनेटवर हजार मिळतील, मी फक्त जिथं आपले लोक अडकतात ते सांगतो. नारिंगी हवंच, रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी आणि डोक्यावर त्याच रंगाची चारही बाजूंनी दिसणारी टोपी. ठिपक्याठिपक्यांचं कॅमोफ्लाज नारिंगी यात धरत नाहीत. एल्कला तो रंग माणसासारखा भडक दिसत नाही, काळजी नको.

कॉटन अजिबात नको, आतलं बनियनसुद्धा. घाम आला, थांबलात, वारा आला की ओलं कॉटन जीवावर उठतं. मेरिनो लोकरीचे दोन जोड, मधे फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, आणि बसून राहण्यासाठी एक जाड पफी (फुगीर जाकीट). ऑक्टोबरमध्ये दुपारी शर्टवर फिरता येतं आणि त्याच रात्री उणे दहा होऊन फूटभर बर्फ पडू शकतो. बूट दोन महिने आधी घेऊन वापरून मऊ केलेले हवेत.

दुर्बीण दहा बाय बेचाळीसची. दोन हेडलॅम्प, कारण परत येणं नेहमी अंधारात. सॅटेलाइट मेसेंजर, गार्मिनचा इनरीच किंवा निदान सॅटेलाइट एसओएसवाला नवा आयफोन, आणि घरी एक माणूस ज्याला माहीत आहे की तुम्ही कुठल्या ट्रेलहेडवरून (पायवाटेच्या सुरुवातीपासून) गेलात आणि किती वाजता घाबरायचं. पाच-सहा श्वास घेणाऱ्या कापडी मांस-पिशव्या, दोन चाकू किंवा बदलत्या पात्याचा एक, पातळ दोरी, रबरी हातमोजे, प्लॅस्टिकची चादर. आणि फ्रेमवाली सॅक, ट्रेकची साधी सॅक नव्हे, पंचवीस किलो मांस साध्या सॅकमध्ये खांदे तोडतं.

जेवणाचं आपण जरा हुशारीनं करू शकतो. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद डिग्रीलाच उकळतं, त्यामुळं साध्या पातेल्यात भात-डाळ शिजता शिजत नाही, एकतर छोटा कुकर न्या किंवा सगळं घरून शिजवून गोठवून न्या. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, गुळाची चिक्की, मेतकूट, कोरडी चटणी हे त्या प्रोटीन बारपेक्षा कैक पटीनं बरं आणि गोठलं तरी खाता येतं (बार दगड होतात). खाणं तंबूत ठेवू नका, काळी अस्वलं ऑक्टोबरमध्ये झोपायच्या आधी दिवसभर खात फिरत असतात. ग्रिझली कोलोराडोत नाहीत.

आय-सेव्हंटी हायवेनं पश्चिमेला जाणार असाल तर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा (बर्फात पकड घेणाऱ्या टायर-साखळ्यांचा) नियम असतो, टायर बघून घ्या, साखळ्या डिकीत टाका.

डोंगरात: वारा

एल्कची नजर चुकवता येते, कान चुकवता येतात, नाक नाही. म्हणून दिवसाचं वेळापत्रक वाऱ्यावर ठरतं. रात्री आणि पहाटे थंड जड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की साधारण नऊ-दहाच्या सुमारास ती वर वाहायला लागते, संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणजे पहाटे तुम्ही चरणाऱ्या कळपाच्या खालच्या बाजूला असाल तर त्यांचा वास तुमच्याकडं येतो, वर असाल तर तुमचा त्यांच्याकडं जातो. दुपारी उलटं. पावडरची छोटी बाटली मिळते, ती दर काही मिनिटांनी फुसकारून बघायची, आणि वारा फिरायच्या त्या वेळी, जेव्हा तो चारी दिशांना गिरक्या घेतो, तेव्हा एका जागी गप बसून राहायचं. परफ्यूम, अगरबत्तीच्या खोलीत ठेवलेले कपडे, फोडणीच्या वासाचं जाकीट, हे घरीच. पण वास घालवणारे फवारे मारून वारा पाठीवर घेणाऱ्यांना काही उपयोग होत नाही.

उजाडायच्या तासभर आधी जागेवर पोचा. मारायची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, घड्याळ बघा. शंभर पावलं चाला आणि दहा मिनिटं दुर्बिणीतून बघा, याच्या उलट नको. अख्खा एल्क शोधू नका, झाडीत आडवी रेष, पिवळट पार्श्वभाग, कानाची हालचाल शोधा. आणि ते खरंच एल्कच आहे ना, हे ठरवा, दरवर्षी कुणीतरी मूसला एल्क समजून मारतं. मूस जवळजवळ काळा, नाक लोंबतं, पाय फिकट. एल्क अंगानं फिका, मान गडद, मागचा भाग पिवळट. लांडगे डिसेंबर २०२३ पासून राज्यात पुन्हा सोडलेत, त्यांना संरक्षण आहे, कायोटी (लांडग्यासारखाच पण लहान प्राणी) समजून बार काढू नका.

बार आणि त्यानंतर

एल्क आडवा उभा असावा किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडं वळलेला. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे फुप्फुसं आणि हृदय. तोंडावर, मागून, पळताना, कळपात एकामागं एक उभे असताना मारायचं नाही, त्या गोळीला पलीकडं काय लागेल ते तुम्हाला दिसत नसतं. डोंगरकड्यावर आकाशाच्या रेषेत उभा असेल तरीही नाही. लागल्यावर लगेच दुसरी गोळी भरा आणि बघत राहा, उभा असेल तर परत मारा. दिसेनासा झाला तर जिथं उभा होता ती जागा आणि शेवटचा दिसला ती जागा झाडाच्या खुणेनं पक्की करा, अर्धा तास थांबा, मग माग काढा. रक्ताच्या प्रत्येक ठिपक्यापाशी नारिंगी फीत बांधत जायचं. गोळी लागली असं वाटत नसलं तरी जाऊन बघणं हे तुमचं काम आहे.

सापडला की मागच्या बाजूनं जा, डोळ्याला काठीनं स्पर्श करा. मग आधी टॅग, फोटो नंतर. टॅग फाडून सही आणि तारीख तिथंच घालायची आणि मांस नेताना तो लावलेला असायला हवा. नर की मादी हे सांगणारा अवयव मांसाच्या एखाद्या भागाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवायचा, चेकपोस्टवर बघतात.

आता घड्याळ सुरू झालं. एल्कची कातडी आणि केस इतके जाड की बर्फातसुद्धा आतली उष्णता कोंडून राहते आणि मांडीच्या हाडाजवळ मांस आतून आंबतं, याला बोन सावर म्हणतात. कातडी लगेच काढायची. नवख्याला पोट न उघडण्याची गटलेस पद्धत सोपी जाते, एका कुशीवर ठेवून कण्यावरून चीर द्यायची, कातडी खाली सोलायची, पुढचा खांदा कापायचा (त्याला सांधा नसतो, चाकू सहज जातो), मागची मांडी खुब्याच्या सांध्यातून, पाठीची लांब पट्टी, मान, मग पलटून दुसरी बाजू, शेवटी आतले टेंडरलॉइन (कण्याच्या आतल्या बाजूच्या मऊ पट्ट्या) बरगड्यांमागून हात घालून. घरी कोंबडी-बोकड कापताना पाहिलेल्यांना हे पटकन उमजतं, बाकीच्यांनी आधी चार व्हिडिओ बघा. चारही पाय, पाठपट्ट्या आणि टेंडरलॉइन नेणं कायद्यानं बंधनकारक आहे, खाण्याजोगं मांस सोडून शिंगं घेऊन जाणं हा गंभीर गुन्हा धरतात.

पिशव्या सावलीत, फांदीला, वारा लागेल अशा टांगा, जमिनीवर ठेवायच्या तर खाली लाकडं. आतड्याच्या ढिगाऱ्यापासून लांब, अस्वल आलं तर तिथं आधी जाईल. पुढच्या फेरीला येताना मोठ्यानं बोलत या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस भरू नका. पहिल्या फेरीत पाठपट्ट्या आणि टेंडरलॉइन न्या.

घरी

काही युनिटमध्ये डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाच्या रोगासाठी. हरणांच्या मेंदूचा हा आजार पहिल्यांदा १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सलाच दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण पॉझिटिव्ह आलेलं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. सक्ती नसली तरी तपासून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत पाकिटांवर तारीख लिहून फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा. मेंदू, मज्जारज्जू खायचा नाही, कापताना कण्याचं हाड करवतीनं कापायचं नाही. राज्याबाहेर नेणार असाल तर बऱ्याच राज्यांत डोकं-कण्यासकट न्यायला बंदी आहे, हाडं काढलेलं मांस नेता येतं. विकता येत नाही, गणपतीच्या मंडळात फुकट वाटलं तर चालतं (वाटाल त्याला रिपोर्टचंही सांगा).

मांस एकदम कमी चरबीचं, त्यामुळं बकऱ्याच्या मटणासारखं वागवू नका. पाठपट्टी कुकरमध्ये घातलीत तर चामडं होतं, ती तव्यावर भरपूर तूप घालून दोन्ही बाजूंनी झटपट, आत गुलाबी ठेवून. मांडीच्या मागचे आणि नडगीचे तुकडे रश्श्याला, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कुकर मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. बाकी सगळ्याचा खिमा करून घ्या, त्यात थोडी चरबी मिसळून, वर्षभर पुरतो.